मधला बिघाड

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे तुम्हाला का शिकायचं आहे? उत्तरही बहुतेकांचं ठरलेलं असतं. ‘सगळे माझ्याजवळच मन मोकळं करतात.’ कुणाच्या मैत्रिणी रात्री अकराला फोन करतात, कुणाजवळ ऑफिसातल्या मुली डबा खाताखाता सासरचं गाऱ्हाणं सांगतात, कुणी भावकीच्या भांडणात दोन्ही बाजूंना चालतं. उत्तर खोटं नसतं. ही माणसं खरोखरच चांगली ऐकणारी असतात. आणि तरीही प्रशिक्षण सुरू झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी त्यांची सेशन्स ऐकली, तर ती पूर्वीपेक्षा वाईट ऐकताना आढळतात. मैत्रिणीशी बोलताना ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नाही, तीच माणसं आता समोरच्याला ‘म्हणजे तुम्हाला असं वाटतंय का, की...’ अशी एका साच्यातली वाक्यं ऐकवत बसतात.

हा मधला बिघाड हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे, असं मला वाटतं. मुखपृष्ठावर तसं म्हटलेलं नाही. पुस्तकात आहेत ती समुपदेशन शिकणाऱ्यांची टिपणं : काही सेशन संपल्यावर लगेच उतरवलेली, काही सुपरव्हिजनमधून, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपलं काम तपासण्याच्या बैठकीतून, बाहेर पडल्यावर चिडून लिहिलेली, काही अभ्यासक्रम संपल्यानंतर शांतपणे मागे वळून लिहिलेली. लिहिणाऱ्यांत एम.ए. करून थेट आलेल्या तेविशीच्या मुली आहेत, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ आहेत, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वर्गात बसलेल्या बायका आहेत, शाळेत गणित शिकवता शिकवता इकडे वळलेले शिक्षक आहेत. त्यांची आणि त्यांच्याकडे आलेल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून संपादकांनी तपशील बदलले आहेत. सुपरव्हायझर म्हणून मी अशी टिपणं पुष्कळ वर्षं वाचत आले आहे. प्रस्तावना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच.

या बिघाडाची नोंद अभ्यासकांनी घेतलेली आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले थॉमस स्कोव्होल्ट आणि नॉर्वेचे हेल्गे रॉनेस्टाड यांनी शंभर समुपदेशक-थेरपिस्टांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते तसे कित्येक दशकं काम केलेले लोकही होते. १९९२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी मांडलेला प्रवास सरळ चढणीचा नाही. प्रशिक्षण न घेतलेला माणूस समोरच्याची अडचण चटकन ओळखल्यासारखी करतो, जीव लावतो आणि स्वतःच्या अनुभवातून सल्ला देऊन मोकळा होतो. त्याला आत्मविश्वास असतो. प्रशिक्षण सुरू झालं की तो आत्मविश्वास जातो, चिंता वाढते, आणि विद्यार्थी कुठल्या तरी पद्धतीला, कुठल्या तरी मोठ्या नावाला घट्ट धरून बसतो. पुढच्या टप्प्यावर सगळं नियमानुसार करायची धडपड असते, त्यात काम नीटनेटकं होतं पण ताठ होतं. स्वतःचा सहजपणा परत यायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागतात.

कानावर गाणं असलेला मुलगा गुरुजींकडे जायला लागला आणि पलटे घोटू लागला, की काही काळ त्याला घरच्या गणपतीपुढची आरतीसुद्धा धड म्हणता येत नाही, तसंच हे. गाण्याच्या बाबतीत आपण हे समजून घेतो. समुपदेशनाच्या बाबतीत मात्र घरचे लोक घाबरतात, विद्यार्थीही घाबरतात. ‘तू पूर्वी छान बोलायचीस, आता काही सांगितलं की नुसती मान हलवतेस,’ असं एका बहिणीनं ऐकवल्याची नोंद पुस्तकात आहे. नवऱ्यांची एक तक्रार तर इतक्या टिपणांत येते, की संपादकांनी तिच्यासाठी वेगळा विभाग केला असता तरी चाललं असतं : ‘माझ्यावर प्रयोग नकोत.’

बिघाड होतो कसा, हे पाहायचं तर व्हर्बेटिमचं एखादं पान उघडावं. सेशनमध्ये कोण काय बोललं ते शब्दशः लिहून काढायची ही जुनी शिस्त. पानावर तीन रकाने : समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, आणि तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. महापालिकेच्या शाळेत नववीच्या मुलीशी झालेल्या सेशनचं एक पान असं आहे. मुलगी म्हणते, ‘आई म्हणते दहावी झाली की बस्स.’ प्रशिक्षणार्थी म्हणते, ‘म्हणजे तुला आईचा राग येतो?’ मुलगी : ‘नाही.’ मग कंसात ‘शांतता’. मग प्रशिक्षणार्थीच विचारते, ‘बरं, तुझी स्वप्नं काय आहेत?’ मुलगी : ‘मॅडम, माझी मधली सुट्टी संपली.’ तिसऱ्या रकान्यात त्या शांततेसमोर लिहिलंय : ‘ती आता रडेल असं वाटलं. ती रडली तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.’

पहिले दोन रकाने वाचले तर चूक दिसते. भावना ओळखण्याचा पाठ नुकताच झालाय, म्हणून राग दिसला नाही तरी राग शोधला. स्वप्नांचा प्रश्न तर कुठल्याशा कार्यशाळेतून उचललेला. पण काम सुरू होतं तिसऱ्या रकान्यात. त्या मुलीनं एक वाक्य सांगितलं होतं, त्यात ‘बस्स’ हा आईचा शब्द होता, आणि त्यावर तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे हे अजून यायचं होतं. प्रशिक्षणार्थी तेवढं थांबू शकली नाही, कारण ती मुलीच्या रडण्याला घाबरली होती. भीती कुणाची, मुलीची की स्वतःची, इथून पुढच्या आठवड्याच्या सुपरव्हिजनला विषय मिळाला. स्वतः दहावीनंतर दोन वर्षं घरी बसलेल्या या बाईंनी मग जे लिहिलं आहे ते पुस्तकात मुळातूनच वाचावं. इथे सांगून त्याची चव घालवणार नाही.

शब्दशः नोंद ठेवण्याची ही पद्धत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. फ्रॉइड सेशनमध्ये टिपणं काढू नयेत असं सांगत. ते स्वतः संध्याकाळी आठवणीतून लिहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात ध्वनिमुद्रिकांवर मुलाखती रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि १९४२ च्या आपल्या पुस्तकात एका केसच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या. त्याआधी बंद खोलीत नेमकं काय बोललं जातं ते बाहेरच्या कुणाला ठाऊक नसे, आणि गंमत म्हणजे खोलीतल्या समुपदेशकालाही ते पुरतं ठाऊक नसे. आपण ऐकून घेतो अशी खात्री असलेल्यांना स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून धक्के बसले. आपण किती बोलतो, किती वळवतो, किती घाई करतो! साठच्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी याच्या पुढची पायरी घातली : सेशनचा व्हिडिओ विद्यार्थ्यासमोर लावायचा आणि हवं तिथे थांबवायचा अधिकार विद्यार्थ्याकडेच द्यायचा. सुपरव्हायझरनं चुका काढायच्या नाहीत, फक्त विचारायचं : इथे तुझ्या मनात काय आलं होतं? आपल्याकडे रेकॉर्डिंगला परवानगी क्वचित मिळते, म्हणून तिसरा रकाना तेच काम आठवणीवर करतो.

रॉजर्सना आपल्याच शिकवणुकीचं काय झालं हेही बघावं लागलं. समोरच्याच्या भावनेला शब्द देऊन ती त्याच्यासमोर ठेवायची, ही त्यांच्या कामातली एक छोटी गोष्ट तंत्र म्हणून इतकी पसरली, की त्याची पोपटपंची झाली. या विपर्यासाला वैतागून आपण कित्येक वर्षं समानुभूतीवर फारसं बोलायचंच टाळलं, असं त्यांनी १९७५ च्या एका लेखात लिहून ठेवलं आहे. आपल्या वर्गांत आजही पहिल्या सहामाहीत हीच पोपटपंची ऐकू येते. मला तिचा राग येत नाही. पलटे घोटताना गळ्यातून गाणं निघत नसतंच. राग येतो तो अभ्यासक्रम तिथेच संपतो तेव्हा.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत एक वेगळी ओढाताण असते, ती कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे माणूस येतो तोच ‘याला जरा समजावून सांगा’ या वाक्यासह. आई मुलाला घेऊन येते, सासरे सुनेला. समजावणं हे आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचं काम आहे, आणि समुपदेशकाला आपोआप त्याच खुर्चीत बसवलं जातं. मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-चेला नात्याकडे उपचाराचं एक प्रारूप म्हणून पाहिलं, ते याच वास्तवाला धरून. रुग्ण मार्गदर्शन मागतो, आधार मागतो, त्याला अंतर राखणारा थेरपिस्ट परका वाटतो. सुधीर कक्कर फ्रँकफर्टच्या सिग्मंड फ्रॉइड इन्स्टिट्यूटमध्ये मनोविश्लेषण शिकून भारतात परतले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही समोर उभा होता आणि त्यांचं बरंचसं लेखन त्याच्याशी झुंजत राहिलं.

त्यात महाराष्ट्राची स्वतःची एक परंपरा आहे. कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आत्मसात केली आणि मराठीत आणली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमधूनही हा विचार व्याख्यानं, पुस्तकं, कार्यशाळांतून घरोघर पोचला. म्हणजे मराठी विद्यार्थी रॉजर्स शिकण्याआधी एलिस ओळखत असतो. एलिस यांची पद्धत बोलकी, वाद घालणारी, गृहपाठ देणारी. विद्यार्थ्यांना ती मनापासून आवडते, आणि मला शंका आहे की त्यातला निम्मा आनंद ‘आता निदान काही तरी करता येतंय’ याचा असतो. दुसऱ्या सहामाहीत घरात ‘हा तुझा अविवेकी समज आहे’ हे वाक्य ज्याला-त्याला ऐकवलं जातं. या पुस्तकात एका मुलीनं ते आपल्या आजीला ऐकवलं. आजीचं उत्तर छापलेलं आहे. ते मी वर्गात नेहमी वापरणार आहे.

हे सगळं जिथे घडतं त्या खोलीबद्दलही लिहायला हवं. सिद्धान्ताच्या पुस्तकात शांत खोली, दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा असतो. प्रत्यक्ष प्लेसमेंटला, म्हणजे सरावाच्या जागी, शाळेत मिळतो प्रयोगशाळेचा कोपरा, नाही तर खेळाच्या सामानाची खोली, जिथे शिपाई लेझीम घ्यायला दर दहा मिनिटांनी येतो. सेशननंतर मुख्याध्यापक चहाला बोलावतात आणि सहज विचारतात, ‘मग, काय म्हणाली ती?’ शिष्टाचार आणि गोपनीयता यांच्यामध्ये उभी असलेली तेवीस वर्षांची मुलगी तेव्हा काय बोलते, याची सहा टिपणं पुस्तकात आहेत आणि एकाही टिपणातलं उत्तर दुसऱ्यासारखं नाही. सरकारी रुग्णालयातलं एचआयव्ही तपासणी केंद्र, कौटुंबिक न्यायालय, व्यसनमुक्ती केंद्र, पोलीस ठाण्यातला महिला कक्ष : प्रत्येक ठिकाणची गर्दी वेगळी, अपेक्षा वेगळी. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं (टिस) १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून पोलीस आणि समुपदेशक एका छपराखाली बसून काम करतात. तिथे शिकायला गेलेल्यांना पहिला धडा मिळतो तो हा, की मार खाणाऱ्या बाईला आधी तिच्या भावना विचारत बसायचं नसतं. आज रात्री ती कुठे झोपणार, हे विचारायचं असतं.

गोपनीयतेला मर्यादा आहेत, हे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे वाचणं वेगळं आणि ‘मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारणाऱ्या मुलासमोर बसून ते उच्चारणं वेगळं. यावरचं टिपण पुस्तकातलं सर्वांत छोटं आहे. लिहिणारीनं जे करायला हवं होतं ते केलं, सुपरव्हायझर सोबत होत्या, सगळं रीतसर झालं. तिनं पुढचे दोन महिने नवी केस घेतली नाही एवढंच तिनं लिहिलंय. मला त्यापुढे तिला काही विचारावंसं वाटलं नाही.

एका गोष्टीवर पुस्तक माझ्या मते कमी बोलतं, ती म्हणजे जात. आपल्याकडची पहिली ओळख आडनावानं होते आणि ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नानं पक्की होते. इन्टेक फॉर्मवर नाव लिहून घेताना प्रशिक्षणार्थीच्या मनात जे चालतं ते तिसऱ्या रकान्यात सहसा उतरत नाही. एका मुलानं मात्र ते लिहिलं आहे. वसतिगृहातला विद्यार्थी त्याच्याशी तीन सेशन्स अभ्यासाच्या ताणाबद्दल बोलत राहिला आणि चौथ्या सेशनला म्हणाला, ‘सर, तुमचं आडनाव बाहेरच्या बोर्डावर आहे, म्हणून मी आधी बोललो नाही.’ समोरच्याला विनाशर्त स्वीकारलं पाहिजे, हे या प्रशिक्षणार्थीनं रॉजर्सच्या पुस्तकात अधोरेखित करून ठेवलं होतं. स्वीकार करणाऱ्याचंही आडनाव असतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. अशी आणखी टिपणं यायला हवी होती. ती आली नाहीत याचं कारण लिहिणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांत कोण आहेत, याच्याशी जोडलेलं आहे, आणि मी त्या शिकवणाऱ्यांपैकीच आहे.

आता थोडं अभ्यासक्रमांविषयी. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. गरज प्रचंड आहे हे उघड आहे. या गरजेचा पाठलाग करत समुपदेशनाचे झटपट वर्ग निघाले : शनिवार-रविवारचे, ऑनलाइन, प्रमाणपत्र घरपोच. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वसन परिषदेकडे गेली, पण समुपदेशक ही पाटी कुणीही लावावी अशीच स्थिती दीर्घकाळ राहिली. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यानं वर्तन-आरोग्याच्या व्यवसायांना यादीत घेतलं आहे. प्रत्यक्ष अंमलबजावणीचा वेग मात्र सरकारी आहे.

झटपट वर्गांवर टीका करताना ‘ज्ञान अपुरं’ असं म्हटलं जातं. माझा आक्षेप दुसरा आहे. ज्ञान पुस्तकात मिळतं, ते नंतरही वाचता येतं. हे वर्ग माणसाला नेमकं बिघाडाच्या टप्प्यावर आणून सोडतात. स्वतःचा जुना सहजपणा गेला, नवा आला नाही, हातात प्रमाणपत्र आणि समोर माणूस. व्हर्बेटिम कुणी वाचणार नाही, तिसरा रकाना कुणी मागणार नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात : तंत्राच्या वाक्यांत कायमचे अडकतात, किंवा ‘हे सगळं पुस्तकी आहे’ म्हणत पूर्वीच्या सल्लेबाजीकडे परततात, फक्त आता फी घेऊन. दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत, आणि दोघांचेही दवाखाने चालतात.

सुपरव्हिजन म्हणजे या काळात धरलेला हात, असं म्हणायचा मोह होतो, पण ते तितकं मवाळ नसतं. पुस्तकात सुपरव्हायझरवर चिडलेली पानंच जास्त आहेत. ‘मी विचारलं काय करू, त्यांनी विचारलं तुला काय वाटतं. मग मी पैसे कशाचे देते?’ हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘असं कर’ म्हणून सांगावंच लागतं, तेव्हा उलट प्रश्न विचारणं हा सुपरव्हायझरचा आळस ठरतो. पुढे तोच विद्यार्थी सांगितलेलं ऐकेनासा होतो, वाद घालतो, एक आठवडा सगळं येतं आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच येत नाही असं वागतो. तेव्हा सांगत राहणं व्यर्थ असतं. कुठे सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे शिकवण्याचं शिक्षण आपल्याकडे फार थोड्यांना मिळालंय. बहुतेक सुपरव्हायझर स्वतःच्या सुपरव्हायझरची नक्कल करतात, चांगली किंवा वाईट.

स्वतः थेरपी घेण्याविषयी पुस्तकात फारसं नाही, आणि त्याची कारणं साधी आहेत. पैसे लागतात. आणि तालुक्याच्या गावात जी एकुलती समुपदेशक असते ती आपल्या मामेबहिणीची वर्गमैत्रीण निघते.

शेवटच्या विभागाबद्दल सांगून थांबते. त्यात अभ्यासक्रम मध्येच सोडलेल्यांची चार टिपणं आहेत. ती घ्यावीत की नाही यावर संपादकांशी माझं बरंच बोलणं झालं. वाचकाला ही अपयशाची उदाहरणं वाटतील अशी त्यांना काळजी होती. मी आग्रह धरला, कारण या चौघांनी आपण का थांबलो हे जितकं स्वच्छ लिहिलंय तितकं पदविका मिळालेल्यांपैकी फार थोड्यांना लिहिता आलंय. एक जण पुन्हा शाळेत गणित शिकवतो. प्रशिक्षणानंतर आपण मुलांना फळ्यापाशी उभं करून उत्तर मागायचं बंद केलं, असं तो लिहितो, आणि त्याचं कारण त्याला अजून सांगता येत नाही. एक बाई सरळ म्हणतात की रोज इतकं ऐकून घ्यायची त्यांची इच्छा नव्हती, आणि हे कबूल करायला त्यांना दीड वर्ष लागलं. ज्यांना हा अभ्यासक्रम निवडायचा आहे त्यांनी पुस्तक या विभागापासून वाचायला सुरुवात केली तरी हरकत नाही.